आजी शांत झोपल्या होत्या

पहाटे अडीचला माझं लक्ष गेलं ते आवाजाकडे. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या ह्यूमिडिफायर बाटलीत मिनिटाला 2 लिटरवर पाणी हळू बुडबुडतं. चार नंबरच्या बेडवरून मात्र ते खदखदल्यासारखं ऐकू येत होतं.

आजी पाटण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या, वय साठीपुढचं. बिडी कधी ओढलेली नाही, पण चाळीसेक वर्षं चुलीपुढे गेलेली. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करत नेणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. रात्री दहाला कॅज्युअल्टीतून आमच्या आयसीयूत आल्या तेव्हा दम इतका की वाक्य पुरं होत नव्हतं. ऑक्सिजन न लावता, नुसत्या हवेवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, 79 टक्के. नाकात प्रॉन्ग्ज, म्हणजे छोट्या नळ्या, लावून 2 लिटर सुरू केला, नेब्युलायझेशन दिलं, आकडा 89 वर स्थिरावला. आमच्या डॉक्टर सरांनी चार्टवर ठळक लिहिलं होतं : सॅच्युरेशन 88 ते 92, त्यावर नको. मी ते वाचलं, सहीसुद्धा केली. पण उशाशी बसलेल्या नातवाला ते सांगायचं राहिलं, कारण शेजारच्या बेडवर धावपळ चालली होती. ही चूक माझी.

मी जवळ गेले तर ऑक्सिजनचा वेग दाखवणाऱ्या फ्लोमीटरमधली गोळी 10 लिटरवर. मॉनिटरवर 99. नातू उठून उभा राहिला आणि समाधानानं म्हणाला, “सिस्टर, आकडा वर येईना म्हणून मीच थोडा वाढवला. बघा, आता आजी कशी शांत झोपली.”

आजींचा चेहरा लालसर झाला होता, हात गरम, नाडी ठोके देत उसळणारी. श्वास मिनिटाला नऊ. हाक मारली तर ओ नाही. कानाची पाळी जोरात चिमटली तेव्हा डोळे किलकिले झाले आणि परत मिटले. ती झोप नव्हती. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून आलेली गुंगी होती.

अशा फुप्फुसांत जिथे हवा नीट पोचत नाही, तिथल्या रक्तवाहिन्या शरीर आपणहून आवळतं आणि रक्त दुसरीकडे वळवतं. ऑक्सिजन भरमसाठ दिला की त्या आवळलेल्या वाहिन्या सैलावतात आणि रक्त पुन्हा त्याच कोंदट कोपऱ्यांत जातं. तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला वाटच नसते. शिवाय ऑक्सिजननं भरलेलं हिमोग्लोबिन कार्बन डायऑक्साइड तितकासा धरून ठेवत नाही, आणि श्वासाची ओढही थोडी मंदावते. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या अशा 405 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. सरसकट जास्त ऑक्सिजन दिलेल्यांत 9 टक्के दगावले, 88 ते 92 राखून दिलेल्यांत 4 टक्के. सरांनी आम्हाला हे आकडे शिकवले होते. त्या रात्री ते माझ्यासमोर बेडवर निजलेले होते.

मी ऑक्सिजन कमी केला. एकदम बंद नाही, कारण मग सॅच्युरेशन आधीपेक्षाही खाली कोसळतं. सर धावत आले, मनगटातून एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्ताचा नमुना, काढला : पीएच 7.21, म्हणजे रक्तात आम्ल वाढलेलं, आणि कार्बन डायऑक्साइड 88, खूपच जास्त. बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबानं हवा देणारं मशीन, लावायचं ठरलं, गरज पडलीच तर श्वासनलिकेत नळी घालायचा ट्रे शेजारी उघडून ठेवून. दाबाचे आकडे सर ठरवतात, श्वास घेताना 12 आणि सोडताना 5 वरून सुरुवात केली. मास्क बसवणं मात्र आमच्याकडे. आजींच्या तोंडात दात नव्हते, गाल आत गेलेले, मास्कच्या कडेनं हवा फुसफुसत होती. नाकाच्या हाडावर ड्रेसिंगची पट्टी लावली, डोक्याकडची बाजू उंच केली आणि पट्टे चिमटीचिमटीनं ओढत, पहिला पाऊण तास मी तो मास्क हातानं धरून उभी होते. मशीन बिघडवत नाही इतकी हवेची गळती बिघडवते, हे मी नव्या मुलींना दरवेळी सांगते.

तासाभरानं पीएच 7.28, थोडा सुधारलेला. उजाडता उजाडता आजींनी मास्क उपटायला हात घातला आणि आतूनच ओरडल्या, “ह्ये तोंडाला काय बांधलंय?” मला रडू आलं.

नातू रात्रभर भिंतीला टेकून उभा होता. सकाळी म्हणाला, कोरोनात आजोबांसाठी दोन दिवस सिलिंडर शोधत फिरलो होतो, मिळाला नाही. मी त्याला रागावणार होते, ते शब्द मागे गेले. त्याला शेजारी बसवून शिकवलं : आकडा बघ, पण आधी माणूस बघ. बोलते का, जागी होते का, सकाळी डोकं दुखतं का.

त्या दिवसापासून मी अशा प्रत्येक बेडच्या उशाशी मोठ्या मराठी अक्षरांत कागद चिकटवते : ‘88 ते 92. नॉबला हात लावू नका.’ नातेवाइकाकडून तो मोठ्यानं वाचूनही घेते.

घरी सोडताना सरांनी सांगितलं की महिना-दोन महिन्यांनी तब्येत स्थिर असताना पुन्हा एबीजी करू, तेव्हाही ऑक्सिजन कमीच असेल तर घरी कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, लागेल, दिवसातून किमान पंधरा तास. नातवानं विचारलं, मशीन चुलीजवळ ठेवलं तर चालेल का? आजी दिवसभर तिथंच बसते. घरात गॅस आहे, पण भाकरी चुलीवरचीच. माझ्या पोटात गोळा आला. ऑक्सिजनजवळ विस्तव म्हणजे काय, ते त्याला दोनदा समजावलं. तो गप्प झाला, मग बोटांवर मोजत म्हणाला, “माजघरापासून चूल अकरा पावलं. चूलच काढतो.”