दुकानातून घेऊ की इन्स्टावरून? तुम्ही विचारलंत म्हणून

"लॅबचं (लॅब्रॅडॉरचं) पिल्लू घ्यायचंय. दुकानातून घेऊ की इन्स्टावरच्या माणसाकडून?" मी "दोन्हीकडून नको" म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: "मग काय, आम्ही कुत्रं पाळूच नये?"

पाळा ओ, कोण नको म्हणतंय. पैसे देऊन घ्यायलाही माझी हरकत नाही. एखाद्याने मादी नीट सांभाळली, पिल्लं आठ आठवडे खपून वाढवली, तर त्याने पैसे का घेऊ नयेत? माझं म्हणणं एवढंच, की जिथं पिल्लाची आई दिसत नाही तिथं पाकीट काढू नका. यावर "तुम्हाला सगळं वाईटच दिसतं" असं ऐकून घ्यावं लागतं. खरंय. मी जनावरांची डॉक्टर, दवाखान्याच्या टेबलावर येतं ते आजारीच येतं, धडधाकट पिल्लं घरी चपला फाडत असतात.

तरी हे एक ऐका. कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका घरात शनिवारी संध्याकाळी पिल्लू आलं. लसीच्या कार्डावर वय 45 दिवस. तोंड उघडलं तर सुळे नुकते वर आलेले, दाढांचा पत्ता नाही. दुधाचे 28 दात आठव्या आठवड्याच्या आसपास पुरे होतात. हे जेमतेम महिन्याचं होतं. वजन 1 किलो 900 ग्रॅम. नवा पट्टा शेवटच्या भोकातही ढिला. डीलरची गॅरंटी तीन दिवसांची. सोमवारी खाणं कमी झालं, घरच्यांना वाटलं जागा बदलली म्हणून. मंगळवारी पातळ संडास, वाटलं दूध बदललं म्हणून. बुधवारी सकाळी पिवळा फेस ओकलं आणि दुपारी रक्त पडलं. तो वास एकदा नाकात बसला की तपासणीचं किट लावण्याआधीच कळतं, पार्व्हो आहे, म्हणजे पिल्लांची आतडी पोखरणारा विषाणू.

पार्व्हो अंगात शिरल्यापासून दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. सोमवारी सुस्तावलेल्या पिल्लाने तो या घरात पाऊल टाकण्याआधीच उचललेला असणार. गॅरंटी नेमकी तीनच दिवसांची का, ते इथं उमगतं. डीलरला फोन केला तर उत्तर आलं, "दादा, माझ्याकडं एकदम ॲक्टिव्ह होतं, लागण तुमच्याकडंच झाली."

वजनाच्या दहा टक्के पाणी गेलं, म्हणजे 190 मिली नुसती तूट भरायला. रोजची गरज वेगळी आणि दर ओकारीला जाईल ते वेगळं. पुढच्या पायाची शीर सुतासारखी झालेली; पिवळी, 24 नंबरची कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत ठेवायची बारीक नळी) दोनदा निसटली. सलाइनमध्ये ग्लुकोज घालावंच लागतं, कारण एवढ्याशा जिवाची साखर काही तासांत उतरते. बाकी काय, ओकारी थांबवायची, आतड्यातून रक्तात शिरणारे जंतू आवरायचे आणि आतड्याचं अस्तर पुन्हा धरेपर्यंत तग धरवायचा. वेळेत आणलेली बरीच वाचतात. हे शुक्रवारी पहाटे गेलं.

त्याच दिवशी डीलरने निम्म्या किमतीत दुसरं देऊ केलं. घरच्यांनी फिनेलने फरशी पुसून घेतली होती आणि मला विचारलं, आणू का? फिनेलला हा विषाणू भीक घालत नाही. आधी घाण धुवायची, मग एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, आणि दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची. अंगणातल्या मातीत तर तो महिनोन् महिने टिकतो. लसी पुऱ्या न झालेलं पिल्लू त्या घरात नकोच.

महिन्याचं पिल्लू विकतात कारण तेव्हा ते सगळ्यात गोंडस दिसतं आणि त्यानंतरच खर्च सुरू होतो: आईचं दूध कमी पडतं, खाणं वाढतं, जंताचं औषध दर पंधरा दिवसांनी, सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस. शिवाय आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण याच काळात ओसरत जातं, पण पुरतं जात नाही, आणि उरलेलं लसीला आडवं येतं. म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस पुन्हापुन्हा द्यावी लागते. "एक टोचलंय" याला फारसा अर्थ नाही. कार्डावर बाटलीचं स्टिकर, बॅच नंबर, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक नसेल, तर टोचलंय हेही धरून चालू नका. आणखी एक. चावताना जोर कुठं आवरायचा, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकतं. महिन्याचं आणलेलं तुमच्या पोरांचे हात फोडतं, मग तुम्ही मला फोन करता.

कायदा विचारता? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 2017 ला श्वानपैदाशीचे आणि 2018 ला पेट शॉपचे नियम आले. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय फळवायची नाही, ब्रीडर आणि दुकान दोघांचीही राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. प्रमाणपत्र मागा. चेहरा बघण्यासारखा होतो.

"आई दाखवा" म्हटलं की "ती गावाकडं आहे" हे उत्तर. मग गावाकडं जा, गडहिंग्लज काही लांब नाही. कुणी कुठलीही मादी आणून उभी करतात, तेही आहेच. तिचे सड बघा. दूध आटलं तरी लोंबलेले दिसतात. पिल्लं तिच्याकडं धावतात का बघा. रंकाळ्यावरचं, गल्लीतलं पिल्लू घेतलंत तरी पार्व्होचा धोका आहेच, लसी त्याच. फक्त तिथं आई समोर असते, आणि बऱ्याचदा तुमच्यावर गुरगुरत असते.

आता माझंच. पूर्वी मी सांगायचे, पिंजऱ्यात दिसलं ना, घेऊन या, निदान ते तरी सुटेल. आता नको म्हणते, कारण रिकामा पिंजरा तुमच्याच पैशातून पुन्हा भरतो. पण मी नको म्हटल्यावर ते पिल्लू तिथंच राहतं, आणि तक्रार करा म्हणावं तर तिला लागणारा वेळ त्याच्याकडे नसतो. तरीही कुणी उचलून आणलंच तर मी भांडत नाही. कार्ड बाजूला ठेवते, दात मोजते, वजन करते आणि चौदा दिवस दुसऱ्या कुत्र्यांपासून लांब ठेवायला सांगते.