ब्रायंट मोठा की सेबन? तुम्ही विचारलंत म्हणून

भारतातून कुणी आमच्याकडे अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या टस्कलूसाला आलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा प्रश्न येतोच: इथल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे दोन गाजलेले कोच, ब्रायंट आणि सेबन, यांत मोठा कोण? साताऱ्याची माझी मावसबहीण अलाबामा विद्यापीठाच्या स्टेडियमबाहेर उभी होती. तिथले पाच पुतळे बघून म्हणाली, "हे सगळे कोचच? मग खेळाडू कुठायत?" आपल्याकडे गावसकर की तेंडुलकर यावर रात्र सरते. इथे वाद कायम कोचवरून. असं का, आणि माझं मत कोणाला, हे इतक्या जणांनी विचारलंय की आता नीट सांगते.

कॉलेज फुटबॉलमधला (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, चेंडू हाताने फेकत-पळवत खेळायचा) खेळाडू तीन-चार वर्षांचा पाहुणा. नाव तोंडात बसेपर्यंत तो निघून जातो, आणि 2018 पासून कॉलेज बदलणंही सोपं होत गेल्यामुळे कधीकधी वर्षभरातच जातो. कोच राहतो. पॉल 'बेअर' ब्रायंट इथे 1958 ते 1982 अशी पंचवीस वर्षं होते. निक सेबन 2007 ते 2023, सतरा वर्षं. लोक आपलं वय कोचवर मोजतात. "स्टॉलिंग्जच्या वेळी माझं लग्न झालं," असं इथे सहज कानावर पडतं, आणि ऐकणाऱ्याला साल कळतं.

आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणते. सामन्याच्या दिवशी पहाटे उठून ते धुरावर बरगड्या शिजत ठेवतात. डोक्याला काळ्या-पांढऱ्या तुटक चौकड्यांची टोपी, ब्रायंट घालायचे तसली. कडेला त्यांचा नातू, ज्याने जाणत्या वयात सेबनशिवाय दुसरा कोच पाहिलाच नव्हता. बरगड्या शिजायला सहा तास लागतात, वादाला तेवढे पुरत नाहीत.

आकड्यांवर हा वाद मिटत नाही. अलाबामात ब्रायंटची सहा राष्ट्रीय विजेतेपदं, सेबनचीही सहाच. नातू म्हणतो, सेबनचं आधीच्या एलएसयूमधलं (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) 2003चं धरा, सात झाली. शिवाय 1964 आणि 1973ची विजेतेपदं मतदानाने मिळालेली, तीही मोसमातला शेवटचा सामना होण्याआधीच. नंतर तो सामना अलाबामा दोन्ही वेळा हरली. 1973च्या शेवटच्या दिवशी नोत्र दाम विद्यापीठाकडून तर एका गुणाने, 24-23. आजोबांना हे लागतं. ते बोलत नाहीत, बरगड्या उलटतात.

पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो विचारायला मला बरीच वर्षं लागली. 1961, 1964 आणि 1965 मध्ये जिंकलेल्या ब्रायंटच्या संघांत एकही काळा खेळाडू नव्हता. याच विद्यापीठाच्या दारात 1963 साली गव्हर्नर वॉलेस दोन काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला उभे राहिले होते. ज्या राज्यातल्या कितीतरी उत्तम मुलांना संघाचं दारच बंद होतं, तिथली विजेतेपदं मी नंतरच्या विजेतेपदांच्या रांगेत डोळे मिटून बसवू शकत नाही.

हे मी आजोबांना एकदा स्पष्ट म्हटलं. त्यांनी शांतपणे 1970चा सप्टेंबर सांगितला. बर्मिंगहॅमचं लीजन फील्ड, ते चौदा वर्षांचे, वडिलांबरोबर. समोर कॅलिफोर्नियातल्या यूएससी या विद्यापीठाचा संघ. त्यांचा सॅम कनिंगहॅम हा काळा खेळाडू चेंडू घेऊन 135 यार्ड धावला, दोन टचडाउन केले (चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला), अलाबामा 42-21 अशी हरली. "बाबा परतताना गाडीत अवाक्षर बोलले नाहीत," ते म्हणाले. त्या एका सामन्याने अलाबामाचा संघ बदलला, अशी दंतकथा आहे. ती पुरती खरी नाही. विल्बर जॅक्सन या काळ्या मुलाला ब्रायंटनी आधीच शिष्यवृत्ती दिली होती, पण पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा मुख्य संघातून खेळता येत नसे. तो त्या दिवशी प्रेक्षकांत होता. पुढच्याच वर्षी ब्रायंटनी आक्रमणाची सगळी रचना गुपचूप बदलली, जॉन मिचेल या काळ्या खेळाडूला मैदानात उतरवलं आणि यूएससीला त्यांच्याच गावात 17-10 असं हरवलं. सत्तावन्न-अठ्ठावन्नाव्या वर्षी आपलं सगळं मोडून पुन्हा मांडणारा माणूस म्हणून मला ब्रायंट मोठे वाटतात. उशीर केला, हेही तितकंच खरं.

तरी माझं मत सेबनला. 8 जानेवारी 2018. जॉर्जिया विद्यापीठाविरुद्ध राष्ट्रीय विजेतेपदाचा अंतिम सामना, मध्यंतराला 13-0 अशी पिछाडी. दोन वर्षं संघ ओढणाऱ्या जेलन हर्ट्‌सला त्यांनी बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या तुआ टॅगोवायलोआला पाठवलं. जादा वेळेत त्याच्या 41 यार्डांच्या फेकीवर सामना 26-23 असा जिंकला. पण मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. हर्ट्‌स रुसून गेला नाही. त्याच डिसेंबरात, पुन्हा जॉर्जियाविरुद्ध, तुआ जखमी झाला तेव्हा बाकावरून उठून त्यानेच सामना काढून दिला. बसवलेल्या मुलाचा असा विश्वास टिकवणं मला सहा विजेतेपदांइतकंच मोलाचं वाटतं. शिवाय सेबनना शिष्यवृत्तीवर 85च खेळाडू ठेवता येत होते. ब्रायंटच्या बहुतेक काळात राष्ट्रीय पातळीवर अशी मर्यादाच नव्हती. ती 1973 साली आली, तीही 105ची.

सेबन जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाले. त्या सप्टेंबरात ब्रायंट-डेनी स्टेडियमच्या मैदानाला त्यांचं नाव दिलं, म्हणजे आता दोघं एकाच पाटीवर. ऑक्टोबरात नवे कोच कॅलन डीबोर यांचा पहिल्या क्रमांकावरचा संघ व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून 40-35 असा हरला. 1984 नंतर व्हँडरबिल्टने आम्हाला हरवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी नातू चिडून म्हणाला, "काढा याला. सेबन असते तर हे झालं नसतं."

आजोबा काही बोलणार, तेवढ्यात मीच बोलले. मी या गावात आले त्या वर्षी सेबनही आले होते. 2007च्या नोव्हेंबरात घरच्या मैदानावर लुइझियाना-मनरोसारख्या छोट्या कॉलेजने त्यांना 21-14 असं हरवलं, तेव्हा मी त्याच गर्दीत होते. बाहेर पडताना लोक हेच म्हणत होते, याला काढा.

नातवाने आजोबांकडे पाहिलं. "खरंच? त्या वर्षी एकूण किती हरलो होतो?"

"सहा," मी म्हटलं. आजोबांनी टोपी काढून मान हलवली.