तुम्ही विचारलंत म्हणून: प्लॅस्टिकच्या राक्षसाला एवढे पैसे?

सिनेमा-टीव्हीतल्या राक्षसांची जुनी खेळणी जमवतो असं सांगितलं की लोक दोन प्रश्न एका दमात विचारतात. "ह्याला एवढे पैसे का पडतात?" आणि "अजून वाढतील का हो?" पहिल्या प्रश्नात थोडी कीव असते, दुसऱ्यात हिशेब. "दुर्मिळ आहे ना!" एवढं म्हणून मी मोकळा होऊ शकतो, पण ते उत्तर अर्धंच आहे. जगात शेकडो दुर्मिळ वस्तू अशा पडून आहेत की ज्यांना कुत्रं विचारत नाही. किती खेळणी उरली यावर दुर्मिळता ठरते. भाव ठरतो तो त्यांच्या मागे किती माणसं लागली आहेत आणि त्यांच्या खिशात किती आहे यावर. या दोन गोष्टी बरोबरीने वाढतीलच असं नाही.

आधी दुर्मिळतेचं बघू. 1966 साली जपानमध्ये राक्षसांशी लढणाऱ्या अल्ट्रामॅनची मालिका टीव्हीवर आली आणि पोरांना राक्षसांचं वेड लागलं. मारुसान नावाच्या कंपनीने गॉडझिला आणि टीव्हीवरच्या राक्षसांच्या व्हायनिलच्या, म्हणजे मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या काढल्या. यांनाच संग्राहक 'सोफुबी' म्हणतात. पातळ व्हायनिल धातूच्या साच्यात ओतायचं, साचा तापवायचा, कडेला थर धरला की उरलेलं ओतून टाकायचं आणि गरम असतानाच चिमट्याने अंग बाहेर ओढायचं, अशी ती कृती. 1968 मध्ये मारुसान बुडाली. तिथल्याच काही माणसांनी बुलमार्क काढली, जुने साचे वापरले आणि तीही 1977 मध्ये बंद पडली. म्हणजे एकाच साच्यातला राक्षस दोन कंपन्यांच्या नावाने बाजारात आला. म्हणून अनुभवी माणूस राक्षस हातात घेतला की चेहऱ्याकडे बघतच नाही, आधी उलटा करून तळपाय बघतो. कंपनीचा शिक्का तिथे असतो. मग व्हायनिलचा मूळ रंग, त्यावरची फवारणी, पोटावर झळाळी आहे की नाही. हे सगळं कारखान्यात त्या त्या वेळी हाताशी असलेल्या रंगावर ठरायचं, आणि आज त्याच फरकावर भाव दुप्पट-तिप्पट होतो.

पण खरी दुर्मिळ गोष्ट राक्षस नाहीच, त्याची पिशवी आहे. ही खेळणी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत यायची. पिशवीच्या तोंडावर दुमडलेला छापील पुठ्ठा, त्याला पिना मारलेल्या. पोरगं घरी येईपर्यंतसुद्धा ती पिशवी टिकत नसे. त्यामुळे राक्षस हजारोंनी उरले, पुठ्ठे बोटांवर मोजण्याइतके. आज पुठ्ठ्यासकट पिशवी मिळाली तर आतल्या राक्षसापेक्षा त्या कागदालाच जास्त पैसे मोजले जातात. साहजिकच नकली पुठ्ठेही निघाले. पिनांचा गंज, गंजाचा कागदात उतरलेला डाग आणि छपाईचे ठिपके भिंगाखाली बघितल्याशिवाय मी तरी पैसे काढत नाही.

अमेरिकेतही गोष्ट फार वेगळी नाही. 1977 मध्ये मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने शोगन वॉरियर्स या मालिकेत दीड फुटाहून उंच गॉडझिला काढला. त्याची एक मूठ स्प्रिंगने सुटायची आणि डोक्यामागचा खटका हलवला की तोंडातून ज्वाळेची जीभ बाहेर यायची. सुटणारी मूठ पोराच्या हातात दिली की काय होणार? सोफ्याखाली गेलेल्या त्या मुठी आजवर सापडलेल्या नाहीत. मूठ आणि जीभ दोन्ही शाबूत असलेला गॉडझिला आणि मूठ नसलेला गॉडझिला यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. आता बदली मुठी नव्याने करून विकल्या जातात, त्यामुळे विकणारा 'पूर्ण' म्हणाला की कोणती मूठ, हे विचारायचंच.

आणखी एक गंमत. जे खेळणं तेव्हा खपलं नाही, तेच पुढे महाग होतं. ऑरोरा कंपनीने 1961 पासून फ्रँकनस्टाइन, ड्रॅक्युला, वुल्फमॅन अशा सिनेमातल्या राक्षसांच्या, सुटे भाग घरी जोडायच्या मॉडेलांचा धडाका लावला. 98 सेंटला एक डबा, डब्यावर बहुतेक वेळा जेम्स बामा या चित्रकाराने रंगवलेलं चित्र. फ्रँकनस्टाइन पोरांनी डोक्यावर घेतला, म्हणून तो वर्षानुवर्षं निघत राहिला. पुढे अंधारात चमकणाऱ्या भागांसह पुन्हा निघाला. 1965 ची 'फ्रँकनस्टाइनची नवरी' मात्र पोरांना रुचली नाही आणि चमकणाऱ्या मालिकेत तिला जागाच मिळाली नाही. नावडती म्हणून थोडी निघाली, थोडी निघाली म्हणून आज पूर्ण मालिका जमवणारा तिच्यापाशीच अडतो. आवडीपोटी कुणी तिला मागत नाही, पण फळीवर एक जागा रिकामी राहिलेली संग्राहकाला बघवत नाही. त्या रिकाम्या जागेचे पैसे फार होतात.

मग पुनर्निर्मिती आली. 1990 च्या दशकात पोलर लाइट्स या कंपनीने ऑरोराची कितीतरी मॉडेलं पुन्हा बाजारात आणली. ज्यांना ती फक्त जोडायची, रंगवायची होती त्यांचं काम झालं, ते रांगेतून बाहेर पडले. जोडलेल्या, रंग लागलेल्या जुन्या मॉडेलांचा भाव घसरला. सीलबंद भाग आणि मूळ डबा असलेल्यांना मात्र फारसा धक्का लागला नाही, कारण तो डबा कुणी पुन्हा 1965 मध्ये छापू शकत नाही. जपानमध्ये एम-वन-गोसारख्या कंपन्यांनी जुन्या धाटणीचे सोफुबी काढले, तिथेही हेच. नवा माल आला की बाजाराचे दोन तुकडे होतात. वरचा तुकडा टिकतो, खालचा सुकतो.

त्याच दशकात 1995 ला ईबे ही इंटरनेटवरची लिलावाची साइट सुरू झाली, आणि मला वाटतं, सगळ्यात मोठा हिसका तिनेच दिला. तोवर एखादा राक्षस दुर्मिळ आहे की नाही, हे चार विक्रेते आणि दोन मेळावे सांगतील तसं. एकदा तिथे विकायला घरोघरचे माळे रिकामे व्हायला लागल्यावर कळलं की 'कुठेच मिळत नाही' म्हणून मिरवलेली कित्येक खेळणी चांगली ढिगाने पडली होती. त्यांचे भाव कोसळले. उलट काही गोष्टी वर्षं उलटली तरी विक्रीला आल्याच नाहीत, तेव्हा त्या खरोखर नाहीत हेही पक्कं झालं.

एक सावधगिरी इथेच सांगतो. कुणी तरी मागितलेली किंमत बघून "अहो, हा तर दोन हजार डॉलरला आहे" म्हणू नका. मागायला काय जातं? विकला गेलेला आकडा बघा, आणि तोही एकच असेल तर त्यावर विसंबू नका. इतक्या थोड्या मालाच्या लिलावात दोन हट्टी माणसं पुरतात. जिंकलेल्याची गरज भागली, तो पुढच्या वेळी नसतो. मग तीच वस्तू निम्म्यावर येते आणि लोक म्हणतात बाजार पडला. बाजार नाही पडला, एक माणूस कमी झाला. तसंच चलनाचं. 2022 च्या सुरुवातीला डॉलरला 115 येनच्या आसपास मिळायचे, 2024 च्या उन्हाळ्यात 160 च्या पुढे गेले. तोक्योच्या नाकानो ब्रॉडवे या बाजारातल्या मांदाराकेसारख्या जुन्या खेळण्यांच्या दुकानात येनमध्ये लावलेली चिठ्ठी तीच राहिली तरी डॉलरवाल्याला ती जवळजवळ तीस टक्के स्वस्त पडली.

आता "वाढतील का?" माणूस साधारण स्वतःच्या लहानपणीचं खेळणं विकत घेतो, आणि तेही हातात पैसा खुळखुळायला लागल्यावर, चाळिशी-पन्नाशीत. 1966 साली सहा वर्षांचं असलेलं पोर आज साठी ओलांडून गेलंय. त्या पिढीचे संग्रह आता विकायला निघताहेत, घेणारे मात्र पुढच्या पिढीचे आणि कमी. गॉडझिला अपवाद ठरू शकतो, कारण त्याचे चित्रपट येतच राहतात. 2024 मध्ये तर त्यातल्या एकाला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करही मिळालं. पण एका मालिकेपुरत्या आलेल्या, नाव कुणाला न आठवणाऱ्या राक्षसांचं मला खरंच कठीण दिसतं.

"मग नव्वदीतली घेऊन ठेवतो, ती पोरं आता चाळिशीत येताहेत," असं हुशार लोक म्हणतात. घ्या, आवडत असतील तर जरूर घ्या. फक्त एवढं बघा की नव्वदीपर्यंत 'जुनं खेळणं महाग होतं' ही बातमी सगळ्यांना कळली होती. मोठी माणसंच दोन-दोन नग घेऊन पॅक न फोडता ठेवत होती. 1998 च्या अमेरिकी गॉडझिला चित्रपटासाठी ट्रेंडमास्टर्स या कंपनीने काढलेली खेळणी तर दुकानातच पडून राहिली. 1966 ची पिशवी सगळ्यांनी फेकली. 1998 ची कुणीच फेकली नाही, म्हणून ती खेळणी आजही सीलबंद मिळतात आणि घासाघीस केली तर आणखी थोडी स्वस्तात मिळतात.