तुम्ही विचारलेत म्हणून: 'इफ'च्या वाक्यांचा एवढा आग्रह कशासाठी?

इंग्रजी संभाषणाच्या माझ्या वर्गात जर-तरच्या वाक्यांवर इतके दिवस का जातात, रोजच्या बोलण्यात एवढे व्याकरण कोण पाळतो, 'इफ आय हॅड नोन'ऐवजी 'इफ आय वुड हॅव नोन' म्हटले तरी समोरच्याला कळतेच ना, हे मला विद्यार्थ्यांनी विचारले आहे, त्यांच्या पालकांनी विचारले आहे आणि अलीकडे माझ्याबरोबर शिकवणारे सहकारीही विचारू लागले आहेत. आजवर मी 'पुढे कळेल' एवढेच म्हणत आले. ते उत्तर अपुरे आहे हे मला ठाऊक आहे. पण प्रश्नामागे मला व्याकरणवेडी ठरवण्याचा जो सूर असतो, तोही आता सोसवत नाही.

तुमच्या प्रश्नातला अर्धा भाग मी आधीच मान्य करते. 'इफ आय वुड हॅव नोन' म्हटल्याने कोणाचेही काही अडत नाही. अमेरिकेत जन्मापासून इंग्रजी बोलणारी कितीतरी माणसे बोलताना असेच म्हणतात, आणि लेखनाचे नियम सांगणारे संपादक ते खोडत राहतात. 'इफ आय वर यू'ऐवजी 'इफ आय वॉज यू' हेही सर्रास कानावर येते. आपल्या तोंडी 'वुड' दोन्हीकडे येते, यात आपल्या मराठीचाही हात आहे. 'तो आला असता तर मी गेलो असतो' या वाक्यात 'असता' आणि 'असतो' दोन्ही बाजूंना सारख्या वजनाने उभे असतात. अट आणि परिणाम यांचे क्रियापद एकाच साच्यातले. इंग्रजीत मात्र अटीकडे 'हॅड' आणि परिणामाकडे 'वुड हॅव' असा दुजाभाव आहे. मराठी माणूस इंग्रजीतही दोन्ही बाजू समान करतो, तेव्हा तो आळशीपणाने नव्हे, तर आपल्या भाषेच्या शिस्तीने चुकत असतो. त्यासाठी मी कोणाला कधी कमी लेखलेले नाही.

सुरुवातीच्या वर्षांत मात्र मी फार ताठ होते. फळ्यावर चार चौकटी आखायच्या, शून्यापासून तिसऱ्यापर्यंत क्रमांक द्यायचे, प्रत्येकीत एक सूत्र आणि खाली ठळक अक्षरांत 'इफनंतर वुड कधीही नाही'. एका विद्यार्थिनीने एकदा शांतपणे विचारले की, स्वागतकक्षातली बाई तिला 'इफ यू वुड वेट हिअर, प्लीज' असे म्हणाली, ते मग चूक का? ते चूक नव्हते. तिथले 'वुड' हे विनंतीचे, समोरच्याच्या इच्छेला मान देणारे 'वुड' आहे, आणि माझ्या चौकटींत त्याला जागाच नव्हती. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ साली एका व्याख्यानात दिलेले बिस्किटांचे उदाहरण तर सगळ्याच चौकटींच्या बाहेर पडते: हवी असतील तर बिस्किटे कपाटावर आहेत. हवी नसली, तरीही ती तिथेच असतात. इथली अट परिणामाला लागू होत नाही. ती केवळ सांगणे सौम्य करते. रोजच्या बोलण्यातले निम्मेअधिक 'इफ' या जातीचे असावेत असे मला वाटते: 'इफ यू डोन्ट माइंड', 'इफ यू नीड मी, आय अॅम नेक्स्ट डोअर'. ज्यांना बोलण्यापुरते इंग्रजी हवे आहे, त्यांना आधी हे शिकवायला हवे होते आणि मी ते शेवटी शिकवत होते. तरीही त्या ताठ शिक्षिकेची बाजू मला आजही पूर्णपणे सोडवत नाही. कारण चौकटींमधून ती जे दाखवू पाहत होती, ते खरेच तिथे आहे.

ते असे. इंग्रजीत 'इफ'नंतर येणारा भूतकाळ बहुतेक वेळा काळ सांगतच नाही. तो अंतर सांगतो. 'इफ आय हॅड टाइम' म्हणणारा कालच्याबद्दल बोलत नसतो. आत्ता वेळ नाही, हे तो सांगत असतो. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी अशा वापराला कल्पनेचा भूतकाळ मानले, ते मला नेमके वाटते. क्रियापद एक पाऊल मागे गेले की गोष्ट वास्तवापासून दूर गेली, आणि दोन पावले मागे गेले की ती हातातून कायमची निसटली. मराठीत ही पावले वेगळ्या ठिकाणी पडतात. 'पाऊस आला तर मी येणार नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा 'आला' हे रूप भूतकाळाचे असूनही पाऊस पुरता शक्य असतो. उलट, 'मला वेळ असता तर मी आलो असतो' हे वाक्य आजच्या निमंत्रणालाही चालते आणि गेल्या वर्षीच्याही. इंग्रजीत त्याची दोन वाक्ये होतात. 'इफ आय हॅड टाइम, आय'ड कम' ऐकून यजमान म्हणू शकतो की, मग वेळ काढा ना. 'इफ आय'ड हॅड टाइम, आय'ड हॅव कम' ऐकल्यावर बोलण्यासारखे काही उरत नाही. आणि हा सगळा फरक बोलताना एका पुसट 'ड'वर येऊन ठेपतो. आपले 'असते' हा पूर्ण उच्चारला जाणारा, कानाला धडकणारा शब्द आहे. इंग्रजीत 'हॅड'ही 'ड' होते आणि 'वुड'ही 'ड' होते, आणि पुढे व्यंजन आले की तेही जिभेखाली विरते.

हे सारे मला पुस्तकांतून माहीत होते. त्याचे वजन मात्र दादाच्या आजारपणात कळले.

माझा थोरला भाऊ परदेशात होता आणि तिथेच त्याच्यावर उपचार चालू होते. मी गेले होते. नव्या तपासण्यांचे निष्कर्ष आले, त्या दिवशी डॉक्टर दादाच्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसले. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मी. डॉक्टर मृदू आवाजात, भरभर नव्हे पण सहज बोलत होते. त्यांचे एक वाक्य माझ्या कानात जसेच्या तसे राहिले आहे: 'इफ वी'ड सीन धिस अ यिअर अगो, वी'ड हॅव हॅड मोअर ऑप्शन्स.' वहिनींनी मान डोलावली आणि माझ्याकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी उजेड दिसला. त्यांना 'मोअर ऑप्शन्स' ऐकू आले होते. मला त्या आधीचे दोन 'ड' ऐकू आले होते. मी विचारले की, आता पुढे काय करायचे. डॉक्टर क्षणभर थांबून म्हणाले, 'इफ ही वर माय ब्रदर, आय'ड वाँट हिम अॅट होम.' वहिनींनी दादाचा हात दाबला. घरी न्यायला सांगत आहेत, म्हणजे सुधारणा आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला होता.

त्या दोन वाक्यांत एकही वाईट शब्द नव्हता. आजाराचे नाव नव्हते, नकार नव्हता, 'उपाय नाही' असे कुठेही म्हटलेले नव्हते. जे काही सांगायचे होते, ते सारे क्रियापदांच्या रूपांत होते.

संध्याकाळी बाहेरच्या बाकावर मी वहिनींना मराठीत सांगितले. 'वर्षभरापूर्वी कळले असते तर जास्त पर्याय असते, असे ते म्हणाले, वहिनी. आता आहेत असे नाही म्हणाले.' त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग जे बोलल्या ते मी कधी विसरणार नाही. 'तुझं वर्गातलं व्याकरण इथे आणू नकोस. ते काय तुझ्यासारखं सूत्र जुळवून बोलत होते? माणूस सरळ बोलत होता, घरी न्या म्हणाला.' त्या चिडून बोलल्या नाहीत. एखाद्याने वेळकाळ सोडून भलतेच काही बोलावे आणि आपण त्याला थांबवावे, तशा बोलल्या. मी पुन्हा सांगण्याचा प्रयत्न केला आणि माझे शब्द मलाच क्रूर वाटू लागले, कारण त्या क्षणी मी एका बाईची आशा 'हॅड' आणि 'वुड'च्या आधारावर काढून घेत होते. आत गेले तेव्हा दादा जागा होता. इतकी वर्षे त्याचे सगळे व्यवहार इंग्रजीत झालेले. तो एवढेच म्हणाला, 'तू ऐकलंस ना नीट? आज तिला राहू दे.' दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना दाराबाहेर गाठून विनंती केली की, हे वहिनींना 'इफ' न वापरता सांगा. त्यांनी सांगितले. साधी वर्तमानकाळातली वाक्ये होती ती, आणि वहिनींना त्यांतले प्रत्येक कळले.

'रोजच्या बोलण्यात एवढे व्याकरण कोण पाळतो' असे तुम्ही विचारता, तेव्हा मला वहिनींचे वाक्य ऐकू येते, कारण तो त्यांचाच प्रश्न आहे. आणि त्या एका अर्थाने बरोबर होत्या: डॉक्टर व्याकरण पाळत नव्हतेच. ते दुःखाची गोष्ट हळुवारपणे सांगू पाहत होते, आणि त्यांच्या भाषेत हळुवारपणाची वाट 'इफ'मधून जाते. म्हणूनच 'समोरच्याला कळतेच ना' हे उत्तर मला पुरत नाही. तुम्ही चुकीचे बोललात, तर समोरचा सांभाळून घेतो. प्रसंग त्याला माहीत असतो, तुमचा चेहरा त्याला दिसत असतो. समोरच्याचे बरोबर बोलणे तुम्हाला ऐकू आले नाही, तर तुम्हाला सांभाळून घेणारे कोणी नसते, कारण काही निसटले आहे याचा पत्ता त्याला नसतो आणि तुम्हालाही नसतो. मी ही वाक्ये घोटून घेते ती बोलण्यासाठी कमी आणि ऐकण्यासाठी जास्त, हे मला तुम्हाला कधीच नीट सांगता आले नाही.

यावर एक शहाणपणाचा आक्षेप घेतला जातो: आपल्या लोकांची विचार करण्याची रीतच वेगळी, त्यांना असले कल्पित जर-तर जमत नाही. हे ऐकले की माझा संयम सुटतो. असाच दावा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्फ्रेड ब्लूम यांनी १९८१ साली चिनी भाषकांबद्दल केला होता. चिनीत अवास्तव अटीसाठी क्रियापदाचे वेगळे रूप नाही, म्हणून तसा विचार करणेही त्यांना जड जाते, असा त्याचा आशय होता. दोनच वर्षांनी संशोधक टेरी आउ यांनी दाखवून दिले की, अशा जर-तरची गोष्ट स्वाभाविक चिनीत सांगितली तर चिनी भाषकांना ती उत्तम कळते. मराठीला तर असा दावा स्पर्शही करू शकत नाही. आपल्या व्याकरणात क्रियापदाचा संकेतार्थ शाळेपासून शिकवला जातो, आणि वर्षभरापूर्वी कळले असते तर, हा विचार वहिनींनी पुढच्या काही आठवड्यांत इतक्या वेळा, इतक्या रूपांत बोलून दाखवला की त्यांना तो जमत नव्हता असे म्हणणाऱ्याने तो एकदा ऐकायला हवा होता. त्यांच्याकडे विचाराची उणीव नव्हती. एक ध्वनी त्यांच्या कानापर्यंत पोहोचला नव्हता.

त्यानंतर मी वर्गाची मांडणी बदलली. आता आधी ऐकायचे, लिहायचे नंतर. मी भरभर एक वाक्य बोलते आणि एवढेच विचारते: हे अजून होऊ शकते, होणे कठीण आहे, की आता होणारच नाही? सूत्र कोणी सांगितले नाही तरी चालते. हे ऐकायला सोपे वाटते. पण उत्तम गुण मिळवलेली मुलेही 'आय'ड हॅव कॉल्ड इफ आय'ड नोन' ऐकून 'फोन करणार आहे' असे लिहितात, आणि तेव्हा 'कळतेच ना' म्हणणाऱ्यांपैकी कोणीतरी त्या वेळी वर्गात असावे असे मला वाटते.

तरीही काही गोष्टींचा निकाल माझ्याकडून लागलेला नाही. ऐकण्यासाठीच शिकवायचे, तर बोलताना 'इफ आय विल गो' म्हणणाऱ्या मुलाला मी मध्येच का थांबवते? जो फरक स्वतःच्या तोंडून कधी निघाला नाही, तो कान तरी कसा ओळखेल, असे मी स्वतःला सांगते. पण थांबवल्यावर तोच मुलगा पुढचा आठवडाभर 'इफ' टाळून बोलतो, हेही मी पाहिले आहे, आणि टाळण्याने कानही तयार होत नाही. सहकाऱ्यांनी सुचवले आहे की, थांबवू नका, फक्त त्याचेच वाक्य योग्य रूपात परत म्हणा. मी तसे करून पाहते आहे. काहींना त्याचा उपयोग होतो, काहींना आपले वाक्य बदलले गेले आहे हेच ऐकू येत नाही.

वहिनींशी या विषयावर अजूनही बोलणे होते. त्यांचे म्हणणे असे की, ऐकणाऱ्याला शिकवण्याआधी सांगणाऱ्याने सरळ सांगायला शिकावे. मरणाची बातमी क्रियापदाच्या आडून देण्याचा अधिकार कोणालाही नाही. मी म्हणते की, तुम्ही आणि मी डॉक्टरांची बोलण्याची रीत बदलू शकत नाही, आपले कान बदलू शकतो. त्यावर त्या विचारतात की, ज्यांच्याजवळ बसलेल्या नणंदेला व्याकरण येत नाही त्यांनी काय करायचे? त्यांना मी सांगते ते तुम्हालाही सांगते: 'इफ' ऐकू आले आणि गोष्ट महत्त्वाची असली, तर लाज न बाळगता विचारायचे, 'सो इज इट स्टिल पॉसिबल, ऑर नॉट?' वहिनींना हे पटत नाही. त्या दिवशी त्यांनी ते विचारले नसते, असे त्या म्हणतात, कारण त्यांना सगळे कळले आहे अशीच त्यांची खात्री होती.