इतकी फिट असून मलाच हवा कशी लागली?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. "तू तर मॅरेथॉन पळतेस, मग किलिमांजारोवर तुलाच कशी हवा लागली?" आफ्रिकेतल्या त्या डोंगरावर उंचीची विरळ हवा मला बाधली, तेव्हापासून हे ऐकून माझे कान किटले आहेत.

पायांत दम असला म्हणून शरीर विरळ हवेला लवकर सरावतं असं नाही. उलट दमदार माणसं भराभर चढतात आणि तिथेच गोत्यात येतात. डायमॉक्स, उंचीच्या त्रासावरची गोळी? घेतली होती. तिने श्वास वाढतो, सरावायला मदत होते; कवचकुंडलं मिळत नाहीत. शिवाय ३००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये म्हणतात, आणि करांगा ते बराफू हा दोन तळांमधला टप्पाच ३९९५ मीटरवरून ४६७३ वर नेतो. त्याच मध्यरात्री पुढे शिखरापर्यंत आणखी १२०० मीटर. हे सांगितलं की लोक म्हणतात, बहाणे. असतीलही. व्यायामाचा कंटाळा असलेली माझी मैत्रीण त्याच वाटेने उहुरूला, म्हणजे शिखरावर, पोचून फोटो काढून आली.

बराफूला डोकं जड होतं, तेवढं सगळ्यांचंच होतं. मध्यरात्री वर निघालो आणि वाटेत ओकाऱ्या सुरू झाल्या. पाण्याची नळी गोठली. बाटली काढायला हातमोजा उतरवला आणि तो परत चढेचना. मी ओढतेय, दामटतेय, अंगठा काही जागेवर येत नाही. गाइड जवळ आला तेव्हा कळलं, उजव्या हाताचा मोजा मी डाव्यात कोंबत होते. त्याने खडीत काठीने रेघ ओढली आणि म्हणाला, एका पायाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावत हिच्यावरून चाल. मला भयंकर राग आला. मी चालले. सरळ चालले, असंच मला आजही आठवतं. मागचे सगळे सांगतात, तिसऱ्याच पावलाला मी रेघ सोडली आणि मटकन खाली बसले. त्याने माझी सॅक काढून घेतली, दंडाला धरलं आणि तोंड उताराकडे फिरवलं. वर विवराच्या कड्यावरच्या स्टेला पॉइंटकडे सरकणारे दिवे दिसत होते. मी त्याला मराठीत शिव्या घातल्या, असंही सांगतात. हे मात्र पटतं.

बराफूच्याही खाली आणलं तेव्हा मला सणसणून भूक लागली. "मग फार काही नव्हतंच की!" अहो, तोल जाणं ही मेंदूला सूज येत असल्याची खूण असते, आणि उतरवणं हाच पहिला उपचार. उतरले म्हणून तर भूक लागली.

हे तुम्हाला ठणकावून सांगते खरी. पण त्या रात्रीची ती 'मी' माझ्याशी अजून हुज्जत घालते: थोडी बसली असतीस, डोकं ताळ्यावर आलं असतं, कडा काय लांब होता? मी तिला मोज्याची आठवण देते. ती म्हणते, थंडीत कुणाचंही होतं.

पुन्हा जाणार का? एकदा त्रास झालेल्याला परत होण्याची शक्यता जास्त, हे माहीत आहे. तरी लेमोशो ही जास्त दिवसांची दुसरी वाट हेरून ठेवली आहे. शेवटी तीही बराफूवरूनच वर जाते.