काड्या चार, फोन मात्र लागंना

रेंज नसल्याच्या तक्रारी आमच्याकडे रोजच येतात. ही तक्रार वेगळी होती. गावकरी म्हणत होते, "काड्या चार दिसत्यात, खरं फोन लागंना झालाय." आणि तेही फक्त संध्याकाळी सात ते रात्री अकरापर्यंत.

मी बेळगावात टॉवरच्या देखभालीचं काम करतो. खानापूर तालुक्यातला घाटाकडचा पट्टा माझ्याकडे आहे. श्रावण लागला होता. किणये सोडून कुसमळीच्या पुलावरून मलप्रभा ओलांडली, तेव्हा पाणी गढूळ आणि चढं होतं. जांबोटीला चहा घेऊन कणकुंबीच्या वाटेला लागलो. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्या घराला त्रास व्हायला नको.

इकडच्या पावसात पहिला संशय पाण्याचाच येतो. केबलच्या जोडात पाणी शिरलं की सिग्नल अँटेनापर्यंत न पोचता माघारी फिरतो. बरोबरच्या पोराने वर चढून सगळे जोड तपासले. कोरडे होते. दुसरा संशय सीमेचा. मोबाइल सेवेसाठी देशाचे विभाग पाडलेत, त्यांना सर्कल म्हणतात. बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये येतं, तर चंदगड आणि गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये. फोनने पलीकडचा टॉवर पकडला की चालू बोलणं तुटतं. पण तसं असतं तर ते दिवसाही झालं असतं. म्हणून परत न फिरता अंधार पडेपर्यंत टॉवरखालीच थांबलो.

साडेसातला लॅपटॉपवरची रेघ उडाली. टॉवरच्या गावाकडे तोंड असलेल्या बाजूचा, म्हणजे सेक्टरचा, गोंगाट एकदम 20 डेसिबलने (डीबी) वाढला. 10 डीबी म्हणजे दहा पट, 20 म्हणजे शंभर पट.

फोनवरच्या काड्या एवढंच सांगतात की टॉवरचं बोलणं फोनला किती ऐकू येतंय. फोनचं बोलणं टॉवरला ऐकू येतंय का, हे त्या सांगत नाहीत. टॉवर 20-40 वॅटने बोलतो, 4जी फोनची ताकद साधारण 200 मिलिवॅट. टॉवरच्या कानाशी कुणी गलका केला, तर तो बारीक आवाज बुडतो. काड्या चारच्या चार राहतात आणि फोन लागत नाही.

दिशा दाखवणारी अँटेना हातात धरून आम्ही चिखलातून निघालो. जिकडे आकडा चढे तिकडे वळायचं. गावाच्या टोकाला फणसाच्या झाडामागे एक घर होतं. पत्र्यावर टीव्हीच्या जुन्या एरियलसारखी दिसणारी यागी अँटेना, तिची केबल खिडकीतून आत. बूस्टर, म्हणजे सिग्नल वाढवणारं यंत्र.

दार साठीपलीकडच्या एका मामांनी उघडलं. आत मावशी उशीला टेकून बसल्या होत्या.

"मुलग्यानं गोव्यास्नं धाडलाय," मामा म्हणाले. "हिला दम्याचा तरास. रातचं काय झालं तर 108 ला फोन लागाय नको?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर पत्रा, टॉवरच्या बाजूला ओला फणस. पत्रा सिग्नल आत येऊ देत नाही आणि भिजलेली पानं तो शोषून घेतात. बूस्टर बंद असताना त्या घरात फोन म्हणजे नुसतं घड्याळ होतं.

पण बूस्टरची आतली अँटेना बाहेरच्या अँटेनाच्या अगदी खाली बसवली होती. भजनाच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर गेला की जसा किंचाळतो, तसंच हे यंत्र किंचाळत होतं, आणि ती किंकाळी थेट टॉवरच्या कानात जात होती. फोनने किती जोरात बोलायचं हे टॉवर क्षणाक्षणाला ठरवतो. असं यंत्र कुणाचंच ऐकत नाही. म्हणूनच विनापरवाना बूस्टर लावणं गुन्हा आहे, आणि कारवाईचा अधिकार दूरसंचार खात्याच्या वायरलेस मॉनिटरिंग विभागाला आहे. मी फक्त विनंती करू शकत होतो.

"मामा, तुमचा फोन लागतो तेव्हा खालच्या आळीत कुणाचाच लागत नाही."

मामा बराच वेळ गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, "सोमवारी खाली एक पोरगी अडली हुती. फोन कराय तिचा भाऊ गाडीवरनं जांबोटीला गेला. ते ह्याच्यानं?"

मी सोमवारचा आलेख उघडला. पावणेआठपासून गोंगाट चढलेलाच होता. स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. खोटा दिलासा देणं मला जमलं नाही. बाई आणि बाळ सुखरूप असल्याचं मावशींनी सांगितलं, तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला.

मामांनी स्वतःच्या हाताने प्लग काढला. मिनिटभरात रेघ खाली आली आणि खालच्या आळीत उभ्या केलेल्या पोराचा फोन मला आला.

पण मावशींना तसंच सोडून निघणं मनाला पटेना. फोनवर सिग्नलचा आकडा बघत घरभर फिरलो. स्वयंपाकघरात उणे 119, सोप्यात उणे 116, माळ्यावर टॉवरच्या बाजूच्या खिडकीत उणे 103. हा आकडा शून्याकडे जितका सरकेल तितकं बरं. उणे 103 वर बोलणं नीट होतं. ब्रॉडबँड असतं तर वायफाय कॉलिंग चालू करून दिलं असतं, पण तिथवर ते आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात सिमकार्डवर चालणारा टेबलफोन नेऊन बसवला. त्याची छोटी अँटेना माळ्याच्या खिडकीत, फोन मावशींच्या उशाशी. यात वाढवायचं यंत्र काहीच नाही. तो टॉवरचं ऐकणारा साधा फोनच आहे.

खरा उपाय टॉवरवर आहे. त्या सेक्टरच्या अँटेनाचा खालचा कल 6 अंश आहे. तो 4 केला तर टोकाच्या घरांपर्यंत सिग्नल पोचेल. अर्ज पाठवला, तीनदा आठवण केली, मंजुरी अजून आलेली नाही. परवा मामांचा त्याच टेबलफोनवरून फोन आला.

"साहेब, अँटेना कवा उचलताय? गणपतीला मुलगा येणार हाय."