ऑक्टाव्हियाला कोल्ड एअर इनटेक बसवताना

माझी ऑक्टाव्हिया २०१५ची, १.८ टीएसआय. जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात झालेली आणि मी राहतो इथल्याच सिडकोत, म्हणजे गाडी गावचीच. १८० पीएसचं (साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरचं) इंजिन, त्यामुळे ताकदीबद्दल तक्रार कधीच नव्हती. पण एप्रिल लागला, पारा चाळीसच्या वर गेला की गाडी सुस्तावते असं मला दरवर्षी वाटायचं. सिग्नलवर पाच मिनिटं एसी लावून थांबलो आणि मग पाय दिला की ती थोडा विचार करूनच उचलायची. यंदा ठरवलं की इनटेकचं, म्हणजे इंजिनला हवा पोचवणाऱ्या वाटेचं, काम करायचंच; थंड हवा देणारा कोल्ड एअर इनटेक लावायचा.

सुरुवात चुकीच्या टोकाने झाली. एका मित्राकडे शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर पडून होता, तो त्याने देऊन टाकला. हवेच्या फिल्टरचा मूळ डबा काढला, पाइपच्या तोंडाला शंकू लावला, क्लॅम्प आवळला. अर्ध्या तासाचं काम. आवाज असा बदलला की पहिले दोन दिवस मी काच खाली करूनच गाडी चालवली. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, हवा खेचतो तो सूंऽऽ आवाज आणि पाय काढल्यावरचा फुस्कारा, दोन्ही आत ऐकू यायला लागले.

तिसऱ्या दिवशी शंका आली. बॉनेटखाली उघडा ठेवलेला फिल्टर हवा घेतो ती बॉनेटखालचीच. मग ती थंड कशी असणार? माशांच्या टाकीत वापरतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर दीडशे रुपयांना आणला. वायरचं टोक फिल्टरपासून दोन बोटांवर झिप टायने बांधलं, डिस्प्ले खिडकीतून आत घेतला. बाहेर ४१ अंश. एसी लावून बारा मिनिटं जागेवर उभा राहिलो आणि आकडा ६९ वर गेला. मोकळ्या रस्त्यावर ८०च्या वेगाला तो ४६ पर्यंत उतरला, पण शहरात रोज माझा जास्त वेळ जातो तो उभं राहण्यातच.

मग मूळ डबा परत बसवला आणि तोच प्रयोग त्याच्या तोंडाशी केला. तितकाच वेळ उभा राहून ४७. हवा तापली की विरळ होते, आणि या तापमानाला साधारण दर ३ अंशांना एक टक्का हे प्रमाण पडतं. म्हणजे शंकू लावून मी सिग्नलवर जवळजवळ सात टक्के विरळ हवा इंजिनला पाजत होतो, आणि आवाजामुळे मला वाटत होतं की गाडी पळतेय.

त्या रात्री बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात मूळ व्यवस्था नीट पाहिली. कंपनीनं हवेचं तोंड पुढे, रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर, ग्रिलच्या मागे ठेवलंय. तिथून चपटा नळ डब्यात जातो, डब्यात फिल्टर, डब्यातून पाइप टर्बोकडे. बाहेरची हवा, तीही उंचावरून, इंजिनच्या उष्णतेपासून झाकून. म्हणजे कोल्ड एअर इनटेक गाडीत पहिल्यापासून होताच! हे कळल्यावर प्रश्नच बदलला. थंड हवा आणायची गरज नव्हती, आहे ती वाट जरा मोकळी करायची होती आणि गरम हवेला आत येऊ द्यायचं नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण दुकानात ती कुणी सांगत नाही. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती आणखी तापते, आणि तिला थंड करायला पुढे इंटरकूलर असतो. आत येणाऱ्या हवेच्या वीस अंशांतला बराचसा फरक तिथेच विरतो. शिवाय कंपनीचं सॉफ्टवेअर तसंच ठेवलं असेल तर इंजिनचा कॉम्प्युटर ठरलेल्या टॉर्कच्या, म्हणजे इंजिनच्या फिरवण्याच्या जोराच्या, मागे असतो. हवा सोपी मिळाली तर टर्बोला मेहनत कमी पडते, पण आकडा तो फारसा वाढू देत नाही. नुसता इनटेक लावून वीस पीएस वाढतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तरी मी बसवला. आवाज मला मनापासून आवडला होता, आणि फिल्टरचं क्षेत्रफळ मोठं असलं की धुळीच्या रस्त्यावर तो लवकर तुंबत नाही, हेही होतं. निवडताना तीन गोष्टी पाहिल्या. डबा झाकणाचा हवा, मूळ पुढच्या नळालाच जोडला जाणारा हवा आणि तोंड खाली बंपरमध्ये नेणारा अजिबात नको. खालून हवा घेणारे किट मिळतात, पण पहिल्या मोठ्या पावसात रस्त्यावर पाणी साचलं आणि ते तोंड बुडालं की पाणी थेट सिलिंडरमध्ये. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तेवढ्यावर इंजिन खोलावं लागतं.

फिल्टरमध्ये तेल लावलेला कापडी की कोरडा, यावर आठवडा गेला. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो तिथे जास्तीचं तेल त्याच्या तारेवर बसून घोटाळा करतं. माझ्या गाडीत तो सेन्सर नाही, ती मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधल्या, दाबावरून हिशेब करते, म्हणजे ती भीती नव्हती. पण कापडी फिल्टर धुवा, वाळवा, मापात तेल लावा, हे आपल्या हातून वेळच्या वेळी होईलच याची खात्री नव्हती. कोरडा घेतला. डबा, सिलिकॉनचा पाइप, फिल्टर मिळून २६,००० रुपये.

कागदाचंही बघितलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांमुळे गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर मर्यादा आहेत. आरसीवर हवेच्या डब्याची नोंद नसते, तरी विमा कंपनीला मी ई-मेल करून कळवलं.

बसवायला चिकलठाण्यातल्या आमच्या चाचांच्या गॅरेजवर गेलो. रविवार होता, त्यांनी मला हात लावू दिला. टॉर्क्सच्या, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या, बिटाने स्क्रू काढले, जुना डबा वर ओढला, तो रबरी बुशांतून सुटला. नवीन डबा बसला, पाइप बसला, क्लॅम्प मीच आवळले. चाचा दुसऱ्या गाडीत गुंतले होते. गाडी सुरू केली, कुठे शिट्टी नाही, डॅशवर दिवा नाही. खूश होऊन घरी आलो.

पाचशे किलोमीटर झाल्यावर चाचांनी बोलावलं होतं. मी म्हटलं, "चाचा, एकदम मस्त चालतेय, कशाला खोलायची?" त्यांनी फिल्टरकडून टर्बोकडे जाणारा पाइप काढायला लावला आणि धुतलेलं पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवलं. फडक्यावर बारीक, पिठासारखी तपकिरी धूळ होती. सगळीकडे नाही, पाइपच्या खालच्या बाजूला एकच रेघ, करंगळीएवढी रुंद. रेघ जोडापासून सुरू होत होती. मी क्लॅम्प आवळला होता तो पाइपच्या कडेच्या उंचवट्यावर चढून तिरका बसला होता, आणि खाली नखाएवढी फट राहिली होती.

माझ्या पोटात गोळा आला. हवा मोजणारा सेन्सर नाही म्हणून इथे कॉम्प्युटरला फट कळलीच नव्हती, दिवा लागणार कुठून? आणि ती धूळ जाते टर्बोच्या पात्यांवर, जी मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात, तिथून पुढे पिस्टनच्या रिंगांपर्यंत.

"हवा थंड आहे का ते नंतर बघा साहेब," चाचा म्हणाले, "आधी ती फिल्टरमधूनच येते का ते बघा."

त्यांनी टॉर्च लावून पाती तपासली. कडा शाबूत होत्या. पाइप धुऊन वाळवला. या वेळी जोड उंचवट्याच्या पार आत सरकवला, क्लॅम्प त्याच्या मागे घेतला, आणि आवळण्याआधी पाइप हलवून सरळ बसलाय का ते पाहिलं. शेवटी त्यांनी पाइपच्या आत ग्रीसचं बोट फिरवून पातळ थर लावला. धूळ आली तर ग्रीसला चिकटेल आणि लगेच दिसेल. जुन्या मेकॅनिकांची युक्ती आहे, पैसा लागत नाही.

वेगाचंही मोजलं. पहाटे समृद्धी महामार्गावर सावंगीपासून पुढे, रिकामी लेन बघून, ८० ते १२०. मूळ डब्यावर तीन फेऱ्यांची सरासरी ५.६ सेकंद, नव्यावर ५.५. दोन फेऱ्यांमध्येच त्याहून जास्त फरक पडत होता, तेव्हा हा फायदा मी धरत नाही. उन्हात बारा मिनिटं उभं राहिल्यावर डब्यात ४८ अंश दाखवतो, मूळच्याइतकंच. आवाज मात्र शंकूच्या निम्म्याने कमी, पण भरदार आहे आणि मला तो तसाच हवा होता.

मूळ डबा, नळ आणि स्क्रूची पिशवी माळ्यावर ठेवलीय, वर तारीख लिहून. आठशे किलोमीटर झाल्यावर परवा पाइप पुन्हा काढला, मध्ये करमाडच्या खडीवाटेने दोनदा जाऊन आलो होतो. ग्रीस लावलं होतं तसंच चकचकीत होतं. तरीही चाचांनी फडकं फिरवलं, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि मला म्हणाले, "आता आवळा, मी बघतो."